काट्याला कोणी उठवायला लागू नये म्हणून

पेणहून वडखळच्या दिशेने निघालं की मालाने लादलेल्या ट्रकांची सोबत सुटत नाही. डोलवीचा पोलाद कारखाना, धरमतर खाडीतली जेट्टी आणि दक्षिणेला रोह्याशेजारची धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत, असा हा पट्टा. जिथे ट्रक तिथे वजनकाटा. काट्याच्या केबिनचं रूप सगळीकडे साधारण एकच असतं. बाहेर प्लॅटफॉर्म, त्याच्या पोटात लोडसेल, आत टेबलावर लाल आकडे दाखवणारा इंडिकेटर आणि इंडिकेटरच्या पाठीतून निघालेली नऊ पिनांची केबल. त्या केबलमधून वजनाचा आकडा संगणकाकडे जातो आणि पावती छापली जाते.

केबल ज्या पद्धतीने बोलते ती आरएस-२३२ ही पद्धत १९६० सालची. संगणकांच्या पाठीवरचं तिचं पोर्ट केव्हाच गायब झालं, पण काटे, दूधकेंद्रांवरची फॅट तपासणारी यंत्रं, पर्जन्यमापक, पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर अजून तीच भाषा बोलतात. मध्ये दुभाषा म्हणून काहीशे रुपयांचा यूएसबी कन्व्हर्टर बसतो. एवढ्यावर काम भागतं आणि वर्षानुवर्षं भागतही राहतं.

वीज जाईपर्यंत.

पावसाळ्यात पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत वीज जाणं ही काही बातमी नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांना वीज परत यायला कित्येक दिवस लागले. पण काटेवाल्याला खरा जाच होतो तो छोट्या झटक्यांचा. दोन सेकंद वीज जाते, येते, संगणक पुन्हा सुरू होतो, पडद्यावर नेहमीचं चित्र दिसतं आणि वजन वाचणारा प्रोग्रॅम मात्र बंद असतो. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवतात. ज्याने तो प्रोग्रॅम बसवून दिला त्याला फोन जातो, आणि तो नेमका पनवेलला कुठेतरी अडकलेला असतो.

हे दुखणं फक्त काट्यांचं नाही. रोहा म्हणजे कोकण रेल्वेचं उत्तरेकडचं टोक. तिथून दक्षिणेला ७४१ किलोमीटरचा मार्ग निघतो. या मार्गावर पनवल दरीवरचा उंच पूल आणि मांडवी, झुआरी व शरावती या नद्यांवरचे पूल अशा चार ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी उपकरणं आहेत. मध्यरात्री, धो-धो पावसात, अशा ठिकाणी प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायला माणूस पाठवायचा हा विचारच चालत नाही. मापन कोणाच्याही हाताशिवाय चाललं पाहिजे आणि थांबलं तर आपणहून सुरू झालं पाहिजे. काट्याच्या केबिनमधल्या जुन्या संगणकाकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवायला हरकत नाही, कारण लिनक्समध्ये ही सोय फुकट आणि आधीपासून बसवलेलीच येते.

बहुतेक जण ती वापरत नाहीत. टर्मिनलची खिडकी उघडी ठेवून तिच्यात प्रोग्रॅम चालवतात, आणि साफसफाई करणारा ती खिडकी बंद करतो. थोडे पुढे गेलेले संगणक सुरू होताना प्रोग्रॅम चालेल अशी ओळ कुठेतरी घालतात. ती ओळ चालते तेव्हा कन्व्हर्टर अजून जागा झालेला नसतो, प्रोग्रॅमला पोर्ट सापडत नाही, तो मरतो आणि पुन्हा कोणी त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. दोन्हींत चूक एकच आहे. प्रोग्रॅमने यंत्राला शोधत बसायचं, असं तिथे गृहीत धरलेलं असतं. व्यवस्था उलटी हवी: यंत्र जोडलं गेलं की त्याने प्रोग्रॅमला उठवावं, यंत्र निघालं की प्रोग्रॅमने निमूट बसावं. पुढचं सगळं या एका उलटापालटीसाठी आहे.

(खाली आज्ञा आणि फायलींची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकायची, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळायचा.)

पहिलं काम ओळख पटवण्याचं. कन्व्हर्टर लावावा आणि ‘डीमेसग’ या आज्ञेने कर्नलच्या नोंदींची शेपटी पाहावी. यूएसबी यंत्र सापडलं, कोणता ड्रायव्हर लागला आणि नाव काय मिळालं, हे तिथे ओळीने दिसतं. नाव बहुधा ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ असतं. अर्डुइनोसारख्या बोर्डांना ‘टीटीवाय-एसीएम-शून्य’ असं मिळतं. हेच नाव प्रोग्रॅममध्ये टाकून लोक मोकळे होतात आणि पुढच्या भानगडींपैकी निम्म्यांचा पाया तिथे घातला जातो.

कारण हे नाव यंत्राचं नसून रांगेतल्या जागेचं आहे. जो आधी आला तो शून्य, नंतरचा एक. काट्याबरोबर एखादा जीपीएस रिसीव्हर किंवा जुना मोडेम जोडलेला असेल तर वीज आल्यावर कोण आधी उठेल याचा नेम नाही. दुसरा प्रकार अधिक फसवा. केबल क्षणभर सैल होऊन पुन्हा बसते. जुन्या प्रोग्रॅमने शून्य क्रमांकाचं पोर्ट अजून धरून ठेवलेलं असतं, म्हणून कर्नल परत आलेल्या त्याच कन्व्हर्टरला एक क्रमांक देतो. आता यंत्र एकावर बोलतंय, प्रोग्रॅम शून्यावर कान लावून बसलाय, आणि केबिनमधला माणूस केबल काढून-घालून दमलाय.

यावरचा उपाय ‘यूडेव्ह’कडे आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ च्या सुमाराला लिहिलेली ही यंत्रणा प्रत्येक जोडणीच्या वेळी यंत्राची कुंडली वाचते आणि आपण सांगू ते नाव त्याला देते. कुंडली आपल्यालाही पाहता येते: ‘यूडेव्ह-ॲडम इन्फो’ या आज्ञेला ‘ए’ हा पर्याय आणि पोर्टाचं नाव दिलं की यंत्र, त्याचं मूळ, मुळाचं मूळ, अशा पायऱ्या उलगडतात. त्यातल्या तीन गोष्टी उतरवून घ्यायच्या. कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि अनुक्रमांक म्हणजे सिरीयल नंबर. एफटीडीआयच्या प्रसिद्ध चिपवर हे क्रमांक ०४०३ आणि ६००१ असतात, सीएच-३४० या स्वस्त चिनी चिपवर १ए८६ आणि ७५२३.

मग ‘ईटीसी’ खालच्या ‘यूडेव्ह’मधल्या ‘रूल्स-डॉट-डी’ या फोल्डरमध्ये एक फाइल करायची, ‘९०-काटा-डॉट-रूल्स’ अशा नावाची. तिच्यात नियम एकाच ओळीचा: उपप्रणाली टीटीवाय असेल, कंपनीचा क्रमांक हा असेल, वस्तूचा हा असेल, अनुक्रमांक हा असेल, तर ‘काटा’ नावाचा सिमलिंक (म्हणजे त्याच पोर्टाचं दुसरं नाव) जोड. ओळ लहान आहे, पण तिच्यात पाय घसरायच्या जागा दोन आहेत. अट तपासताना बरोबरची खूण दोनदा लागते, आणि सिमलिंक जोडताना अधिक व बरोबर अशी जोडखूण लागते. एकदाच बरोबर टाकलं तर अट तपासलीच जात नाही. दुसरी घसरण म्हणजे कुंडलीतल्या दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे गुणधर्म एका नियमात मिसळणं. तिन्ही क्रमांक एकाच पायरीवरचे हवेत, नाहीतर नियम तक्रार न करता निष्फळ राहतो. फाइल जतन केल्यावर ‘यूडेव्ह-ॲडम’ला नियम पुन्हा वाचायला आणि लागू करायला सांगायचं. आता ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘काटा’ हे नाव दिसू लागतं. पोर्ट शून्य असो की सात, प्रोग्रॅमला त्याचं सोयरसुतक उरत नाही.

नाव ठेवताना मध्ये आडवी रेघ टाळावी. ‘वजन-काटा’ असं नाव दिलं तर सेवा, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम, सांभाळणारी सिस्टीमडी त्या रेघेचं स्वतःच्या सांकेतिक लिपीत रूपांतर करते, पुढच्या फायलीत तेच विचित्र रूप लिहावं लागतं आणि ते बरोबर जमेपर्यंत दुपार जाते. एकच साधा शब्द सोयीचा.

अनुक्रमांकात एक मेख आहे. एफटीडीआयच्या चिपवर तो बहुधा वेगवेगळा छापलेला असतो. सीएच-३४० वाल्या बहुतेक कन्व्हर्टरांना तो नसतोच. तसले दोन कन्व्हर्टर एकाच संगणकाला लावले तर ते जुळ्या भावंडांसारखे ओळखू येत नाहीत. अशा वेळी यंत्राऐवजी भोकावरून ओळखावं लागतं. कोणतं यूएसबी भोक, हे कुंडलीतल्या वरच्या पायरीच्या नावात दिसतं आणि नियमात घालता येतं. मग त्या भोकाशेजारी रंगाने खूण करून ठेवावी आणि काटेवाल्याला सांगून ठेवावं, की केबल काढलीच तर त्याच भोकात परत लावायची.

कन्व्हर्टर कोणता घ्यावा? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकाच टपरीवर चार किमतींचे मिळतात आणि सगळ्यांवर सारखंच प्लॅस्टिक असतं. नकली चिपांचा प्रश्न जुना आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोजवरच्या ड्रायव्हरने नकली चिप ओळखून तिचा वस्तू-क्रमांक शून्य करून टाकायला सुरुवात केली, आणि जगभर लोकांची चालती यंत्रं एका रात्रीत मुकी झाली. ज्याने विकत घेताना फसवणूक झाल्याचं कधी कळलंच नाही, त्याला ही शिक्षा! लिनक्सच्या कर्नलमध्ये मात्र त्याच सुमाराला त्या शून्य क्रमांकाची ओळख घालून अशी मुकी यंत्रं पुन्हा बोलती केली गेली. लिनक्सवर नकली चिप बहुधा चालते, हे खरं. तरी रोजच्या व्यवहाराच्या काट्याला अनुक्रमांक असलेला, खात्रीचा कन्व्हर्टर घेणं शहाणपणाचं. एक सुटा जास्तीचा घ्यावा आणि त्याच्या अनुक्रमांकाचा दुसरा नियम फायलीत आधीच लिहून ठेवावा. पहिला जळला तर दुसरा लावायचा, संगणकाला हातही न लावता. नाव दोघांचं एकच, म्हणून दोन्ही एकाच वेळी मात्र जोडायचे नाहीत.

आता दोन आगंतुक. उबुंटू २२.०४ वर सीएच-३४० लावला की क्षणभर पोर्ट दिसायचं आणि नाहीसं व्हायचं, अशी तक्रार अनेकांनी केली. अंधांसाठीच्या ब्रेल पडद्यांना चालवणारी ‘बीआरएल-टीटीवाय’ ही सेवा तो कन्व्हर्टर म्हणजे ब्रेल यंत्रच समजून ताब्यात घेत होती, कारण काही ब्रेल यंत्रांमध्ये तीच चिप आणि तेच क्रमांक असतात. डीमेसगमध्ये हे नाव दिसलं आणि त्या संगणकावर ब्रेल यंत्र कोणी वापरत नसेल, तर ते पॅकेज काढून टाकावं. दुसरा आगंतुक ‘मोडेम-मॅनेजर’. नवं सिरीयल यंत्र दिसलं की हे मोडेम तर नव्हे, म्हणून तो त्याला हाक मारून पाहतो. बिचारा सेन्सर त्या हाकेने गोंधळतो. काट्याच्या संगणकावर डोंगल वापरत नसतील तर मोडेम-मॅनेजर बंद करून टाकावा.

परवानगीचा मुद्दा थोडक्यात. डेबियन आणि उबुंटूमध्ये सिरीयल पोर्ट ‘डायलआउट’ या गटाच्या मालकीचं असतं. सेवेसाठी ‘काटा’ नावाचा वेगळा, लॉग-इन नसलेला वापरकर्ता तयार करावा आणि त्याला या गटात घालावं. प्रोग्रॅम रूट म्हणून चालवणं किंवा पोर्ट सगळ्यांना खुलं करणं हा आळस आहे.

प्रोग्रॅम पायथनमध्ये ‘पायसिरीयल’ घेऊन लिहिला तर पन्नास ओळींत होतो. तो इथे शिकवायचा नाही, पण सेवा म्हणून जगायचं तर त्याला काही सवयी लागतात. वेग म्हणजे बॉड रेट इंडिकेटरच्या सेटिंगशी जुळवून घ्यायचा. ९६०० सर्रास असतो, जुन्या इंडिकेटरवर २४०० किंवा १२०० सुद्धा. जुळला नाही तर आकड्यांऐवजी केरकचरा येतो, आणि तो कचरा पाहून लोक उगाच केबल बदलतात. दुसरं, बरेचसे इंडिकेटर न थांबता आकडे ओकत असतात, म्हणून प्रोग्रॅम जागा होतो तो कुठल्यातरी ओळीच्या मध्यावर. पहिली अर्धवट ओळ टाकून द्यावी. बारा हजार चारशे साठ किलोच्या जागी नुसतं चारशे साठ नोंदवलं गेलं तर भांडण ट्रकवाल्याशी होतं, संगणकाशी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शांततेचा अर्थ. इंडिकेटर बंद आहे, पण कन्व्हर्टरला वीज संगणकाकडून मिळते, म्हणून पोर्ट जिवंतच दिसतं. प्रोग्रॅम वाचायला बसतो आणि कायमचा बसून राहतो. पडद्यावर शेवटचं वजन तसंच गोठलेलं. म्हणून वाचनाला दोन-तीन सेकंदांची मुदत घालावी, मुदत संपली की पडद्यावरचा आकडा पुसावा आणि ‘इंडिकेटर बोलत नाही’ असं स्पष्ट दाखवावं. प्रत्येक नोंदीला तिची वेळ चिकटवावी.

कुंडलिका नदीच्या काठी गोठलेला आकडा आणि खरा आकडा यांतला भेद न कळणं जिवाशी येऊ शकतं. भिऱ्याला १९२७ पासून टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. घाटमाथ्यावरच्या मुळशीचं पाणी तिथे वीज करून कुंडलिकेत उतरतं. कोलाडचं राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालतं. भिऱ्याची जनित्रं चालू झाली की आभाळ निरभ्र असतानाही खाली पाणी चढतं. एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांनी पुलावर पातळी मोजणारा सेन्सर बसवला, आणि लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठापासून गावोगावच्या आयटीआयपर्यंत असे प्रकल्प करायला हात शिवशिवणारी मुलं आहेतच, तर त्यांनी हे ध्यानात ठेवावं: ‘पाणी वाढलेलं नाही’ आणि ‘सेन्सर तासाभरापूर्वी बंद पडला’ या दोन गोष्टी आलेखावर सारख्याच सपाट रेषेने दिसतात. रेषा तुटलेली दिसली पाहिजे. अर्डुइनोवर सेन्सर बसवला असेल तर आणखी एक: बऱ्याच बोर्डांचं पोर्ट उघडलं की बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे सेवा सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन सेकंदं त्याच्याकडून काही अपेक्षा करू नये.

आता खुद्द सेवा. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये आणलेल्या सिस्टीमडीवर लिनक्सच्या जगात प्रचंड भांडणं झाली आणि जुन्या जाणत्यांचा राग अजून पुरता निवळलेला नाही. पण डेबियनने २०१५ च्या आठव्या आवृत्तीत ती स्वीकारली, आणि यंत्र-सेवा यांची गाठ बांधायची गोष्ट निघाली की तिच्याइतकं सरळ दुसरं काही हाताशी नाही.

‘ईटीसी’ खालच्या ‘सिस्टीमडी’मधल्या ‘सिस्टीम’ फोल्डरमध्ये ‘काटा-डॉट-सर्व्हिस’ ही फाइल करायची. तिचे तीन खंड, प्रत्येकाचं नाव चौकटी कंसात. पहिला ‘युनिट’. त्यात वर्णनाखाली दोन ओळी: ‘बाइंड्सटू’ आणि ‘आफ्टर’, दोन्हींपुढे ‘डेव्ह-काटा-डॉट-डिव्हाइस’. (इथली ‘डेव्ह’नंतरची आडवी रेघ सिस्टीमडीची स्वतःची आहे, ती हवीच.) ‘आफ्टर’ म्हणजे यंत्र आल्यावरच सुरू हो. ‘बाइंड्सटू’ म्हणजे यंत्र गेलं की तूही थांब.

दुसरा खंड ‘सर्व्हिस’. ‘यूजर’पुढे काटा. ‘एक्झेकस्टार्ट’पुढे पायथनचा आणि प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता, मुळापासून, अर्धवट पत्ते इथे चालत नाहीत, आणि टर्मिनलवर चालतात ते पाइप किंवा बाणासारखे प्रकारही चालत नाहीत. पायथनला ‘यू’ हा पर्याय द्यावा. तो नसला तर प्रोग्रॅमने छापलेल्या ओळी पोटात साठून राहतात आणि सिस्टीमडीच्या नोंदवहीत तासन् तास काहीच उमटत नाही. सेवा मेली असं समजून चांगली चालणारी वस्तू लोक उसवून ठेवतात. मग ‘रीस्टार्ट’पुढे ‘ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्टसेक’पुढे ५.

हा पाचाचा आकडा शोभेचा नाही. सिस्टीमडी मुळात पडलेली सेवा सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा उठवते, आणि दहा सेकंदांत पाचदा उठवून झालं की हात टेकते. एखादा क्षणिक अडथळा असला, म्हणजे दुसऱ्या कोणी पोर्ट पकडून ठेवलंय किंवा डेटाबेस अजून उठायचाय, तर हे पाच प्रयत्न सेकंदभरात संपतात आणि सेवा कायमची आडवी होते. पाच सेकंदांचं अंतर ठेवलं की दहा सेकंदांत दोन-तीनच प्रयत्न होतात, मर्यादा कधी गाठलीच जात नाही, आणि सेवा अडथळा दूर होईपर्यंत शांतपणे दार ठोठावत राहते.

तिसरा खंड ‘इन्स्टॉल’, आणि उलटापालट इथे पूर्ण होते. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत ‘वॉन्टेडबाय’पुढे ‘मल्टी-यूजर-डॉट-टार्गेट’ लिहिलेलं असतं, म्हणजे संगणक उठला की सेवा उठव. इथे त्याऐवजी पुन्हा ‘डेव्ह-काटा-डॉट-डिव्हाइस’ लिहायचं. म्हणजे यंत्र दिसलं की सेवा उठव, मग ते संगणकाबरोबर दिसो, की केबल लावल्यावर दुपारी तीनला. केबल निघाल्यावर ‘बाइंड्सटू’ने थांबवलेली सेवा ‘रीस्टार्ट’ची ओळ परत उठवत नाही, कारण ते पडणं नसून मुद्दाम थांबवणं असतं, तिला परत उठवते ती हीच शेवटची ओळ. दोन्हींची जोडी लागते. फाइल झाल्यावर ‘सिस्टीमसीटीएल’ला ‘डीमन-रीलोड’ आणि मग ‘इनेबल’ सांगायचं, केबल एकदा काढून लावायची, ‘स्टेटस’ विचारायचं. हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह’ दिसलं पाहिजे.

कोणी म्हणेल, यूडेव्हच्याच नियमात ‘रन’ लिहून थेट प्रोग्रॅम का सुरू करू नये? तसं करू नये. यूडेव्ह तिथे क्षणभराचं काम अपेक्षित धरते; लांबलेला प्रोग्रॅम ती मारून टाकते, आणि तो कशाने मेला याचा मागही लागत नाही.

‘जर्नलसीटीएल’ला ‘यू’ पर्याय आणि सेवेचं नाव दिलं की तिची नोंदवही उघडते. ‘एफ’ जोडला तर ती डोळ्यांदेखत वाहते. पण नोंदवहीत वजनाची प्रत्येक ओळ छापण्याचा मोह आवरावा. सेकंदाला दहा ओळी पाठवणारा इंडिकेटर दिवसाला आठ लाख चौसष्ट हजार ओळी पाठवतो, आणि रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड असल्या लिखाणाने झिजतं. सेवा उठली, बसली, इंडिकेटर गप्प झाला, परत बोलला, पावती छापली, इतकं पुरे. ‘जर्नलडी’च्या फायलीत ‘सिस्टीममॅक्सयूज’ने पन्नास-शंभर एमबीची मर्यादाही घालून ठेवावी.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांना आणखी एक खोडा असतो, घड्याळाचा. त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज आली आणि इंटरनेट आलं नाही, तर तो गेल्या वेळी जिथे थांबला तिथूनच वेळ मोजू लागतो. सकाळच्या पावतीवर काल रात्रीची वेळ पडते. डीएस-३२३१ नावाचं नाणेबॅटरीवालं छोटं मॉड्यूल लावलं की हे संपतं. जुना पीसी वापरत असाल तर बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करावा. तो बंद असेल तर वरची सगळी मेहनत बटण दाबायला माणूस येईपर्यंत वाट पाहते.

केबलबद्दल थोडं. आरएस-२३२ ची केबल साधारण पंधरा मीटरपर्यंत भरवशाची. संगणक इंडिकेटरपासून लांब असेल तर आरएस-४८५ घ्यावं, ते बाराशे मीटरपर्यंत जातं. प्लॅटफॉर्मकडून येणारी लांब तार वीज कडाडताना लाट ओढून आणते, म्हणून ऑप्टिकल आयसोलेशन असलेला कन्व्हर्टर आणि नीट अर्थिंग यांवर कंजुषी नको. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्या साफ करून स्क्रू घट्ट आवळावेत. इंडिकेटरवर वैधमापनशास्त्र विभागाचं सील असतं, त्याला धक्का लावायचा नाही. संगणक बाहेरच्या पोर्टातून फक्त ऐकणारा, आणि आलेला आकडा प्रोग्रॅमने जसाच्या तसा छापायचा.

चाचणी घाईच्या वेळी नको, रविवारी दुपारी घ्यावी. केबल ओढून काढायची, दहा सेकंदांनी लावायची. ती काढून दुसऱ्या भोकात लावायची (भोकावरून ओळख ठरवली नसेल तर). इंडिकेटर बंद करून पडद्यावरचा आकडा पुसला जातो का पाहायचं. प्रोग्रॅमची प्रक्रिया ‘किल’ आज्ञेला नऊचा सिग्नल देऊन मारायची आणि पाच सेकंदांनी नोंदवहीत ती परत उठलेली दिसते का तपासायचं. शेवटी भिंतीवरचं बटण बंद करून सगळ्याचीच वीज घालवायची, पाच मिनिटं थांबायचं, चालू करायचं आणि कीबोर्डला हात न लावता पहिली पावती छापायला घ्यायची. वीज अशी खाडकन घालवणं मेमरी कार्डाला मानवत नाही, म्हणून त्याआधी कार्डाची एक प्रत काढून ठेवायची. ती प्रत, नियमाची फाइल आणि सेवेची फाइल पेन ड्राइव्हवर, आणि सुटा कन्व्हर्टर त्याच खणात.